पानग्यांचा दंड

नाशिकला निघताना मी परतीचं रिझर्व्हेशन आधी केलं. बार्शी स्टँडच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आजोबा, आधी जाऊन तर या." मी म्हटलं, "जायचं मुलासाठी आहे. यायचं माझ्यासाठी आहे. ते आधी पक्कं करा." त्याला काही कळलं नाही, पण दहा दिवसांनंतरची सीट त्यानं दिली.

आमच्या ज्येष्ठ मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी नव्या माणसांसाठी सांगतो. दोन महिन्यांपूर्वी पिठाच्या गिरणीसमोर मला चक्कर आली. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "काल जेवलात काय?" मी म्हटलं, चहा-खारी. "आणि परवा?" परवाही चहा-खारी. माझी बायको सुमन जाऊन दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं मी पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवलं आणि ती मागच्या खोलीत चूल. एकमेकांच्या खोलीत आम्ही ढवळाढवळ केली नाही. त्यामुळे मला सूट-सफारी शिवता येते, पण साधी खिचडी येत नाही. शेजारच्या वहिनींनी चक्कर आल्याची बातमी माझ्या मुलाला, महेशला फोनवर कळवली. महेश नाशिकला एका कारखान्यात आहे. तो त्याच दिवशी बसनं आला, आणि परत गेल्यावर फोनवर म्हणाला, "बाबा, घराला कुलूप लावा आणि कायमचे इकडे या. तुम्हाला एकट्याला राहता येत नाही, हे आता सिद्ध झालंय." कोर्टात निकालपत्र वाचावं तसं त्यानं ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, दहा दिवसांसाठी येतो.

इंदिरानगरला महेशचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. हवा छान, बाल्कनी मोठी, लिफ्ट वेळेवर. सुनेनं, वैशालीनं, माझ्यासाठी आतली खोली लावून ठेवली होती. नवे पडदे, नवी चादर, आणि एक अख्खं कपाट रिकामं. ते कपाट उघडून मी जरा वेळ उभा राहिलो. दहा दिवसांच्या पाहुण्याला कुणी अख्खं कपाट देत नाही. मी पिशवीतले कपडे पिशवीतच ठेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आठ वाजले, नऊ वाजले, घरात भांड्याचा आवाज नाही. साडेदहाला वैशाली म्हणाली, "बाबा, रविवारी आम्ही ब्रंच करतो." ब्रंच म्हणजे न्याहारीला उशीर आणि जेवणाला घाई, असं मला जे समजलं ते मी तुम्हाला सांगतो. एक गोड पदार्थ, एक तिखट, आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाला भूक नाही. कल्पना वाईट नाही. पण ते आलं फोनवरून, पाच डब्यांतून. गोड धिरडी गार होती आणि सँडविच ओलं होतं. सगळे निमूट खात होते. महेश म्हणाला, "बघा, इथं जेवणाची काही चिंताच नाही. तिकडे कोण आहे तुम्हाला करून घालायला?"

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी डबा बाजूला सारला आणि म्हटलं, "पुढच्या रविवारी तुमचं हे ब्रंच मी करणार. एक गोड, एक तिखट. या घरात, या ओट्यावर, कुणाचा हात न लागता. तुम्ही दोघांनी ताट स्वच्छ केलं तर माझ्या घराच्या कुलपाचा विषय बंद."

महेश हसला. "आणि नाही केलं तर?"

"तर पडदे छान आहेत. राहीन."

"दिला शब्द," तो म्हणाला. वैशालीनं ते नीट ऐकून घेतलं.

शब्द देणं सोपं होतं. सोमवारी सकाळी ओट्यापुढे उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की मला गॅसची कुठली कळ कुठल्या शेगडीची तेही कळत नाही. वैशालीनं फोनवर पाककृतींचे व्हिडिओ लावून दिले. एका बाईंनी दीड मिनिटात अकरा जिन्नस घातले. आमच्या धंद्यात पोरगं शिकायला आलं, की पहिले सहा महिने त्याला काजं आणि बटणं देतात. हे म्हणजे पहिल्याच दिवशी कोट कापायला देण्यासारखं होतं. मी फोन परत केला.

मंगळवारी रिक्षानं पंचवटीत गेलो. मंडळातल्या सगळ्यांनी मला बजावलं होतं, नाशिकला जातोस तर मिसळ खाऊन ये. खाल्ली नाही. दारावरून गेलो, वास घेतला, पुढे गेलो. दुसऱ्यानं केलेलं चांगलं लागतं हे मला सहासष्ट वर्षं माहीत आहे. भाजीबाजारात, गल्लीच्या तोंडाशी, दुचाक्यांच्या चाकांना पाठ लावून एक म्हातारी बसली होती. पुढे रानभाज्यांच्या जुड्या, केळीची पानं आणि पळसाच्या पानांचे गठ्ठे. मी विचारलं, "ही पानं कशाला लागतात?"

"काय पण इचारतो. पानगं भाजाया." ती माझ्याकडे बघून म्हणाली. "तू कुठला रं दादा?"

"बार्शीचा. पानगा म्हणजे?"

तिनं हातानं दाखवलं. पीठ कालवायचं, पानावर थापायचं, वर पान घालून तव्यावर भाजायचं. गूळ घातला की गोड, मिरची घातली की तिखट. मला वाटलं हिला देवानंच पाठवलं. म्हटलं, "बाई, नीट सांगा. लिहून घेतो." मी खिशातून कागद काढला.

तिनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "तोंडानं सांगून भाकर व्हती का? उद्याच्याला मी घरला जाणार. सुरगाण्याच्या जीपनं. यायचं तं ये."

तिचं नाव जमनाबाई. घरी सांगितलं तर महेश उडालाच. "अनोळखी बाईबरोबर? डोंगरात? तुम्हाला चक्कर आली तर?" मी म्हटलं, "चक्कर खारीनं येते. डोंगरानं नाही." बुधवारी सकाळी मी जीपमध्ये होतो.

जीप नऊ माणसांची होती. आम्ही पंधरा होतो, शिवाय मिठाची पोती आणि चारा कापायचं एक नवं कुट्टी मशीन. मला खिडकी मिळाली ती जमनाबाईनं भांडून मिळवून दिली म्हणून. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि टोमॅटो. "माझा पोरगा न् सून हितंच हाईत, टमाटं तोडाया," ती एका बागेकडे बोट दाखवून म्हणाली. "भात कापाया येतील." वणी मागे पडली, सप्तशृंगीचा डोंगर उजव्या हाताला ढगात होता, आणि बोरगाव सोडल्यावर घाट लागला. पाऊस ओसरत आला होता. भातखाचरं एकाखाली एक उतरत गेली होती, जशी झालरीला चुणी घालावी तशी नेमकी. आमच्याकडे ज्वारीच्या सपाट रानात जन्म गेला, त्यामुळे एवढी हिरवाई बघून मला थोडा रागच आला. हे इतके दिवस कुणी सांगितलं का नाही?

सुरगाण्याच्या अलीकडे एका पाड्यावर आम्ही उतरलो. जमनाबाईचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, शेजारी तिच्या दिराचं घर. दीर सोनूबाबा म्हणून होते, वय ऐंशीच्या घरात, पाड्यावरचे कर्ते. माझी झोपायची सोय त्यांच्या ओसरीवर ठरली. जमनाबाई पाणी आणायला आत गेली. मी अंगणात उभा होतो, पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि मांडवावर तवसं (पावसाळी मोठ्या काकड्या) लोंबत होती. एक हाताशीच होतं. मी ते तोडलं, गुडघ्यावर आपटून मोडलं आणि चावा घेतला.

ओसरीवर बसलेल्या माणसांचं बोलणं थांबलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला. जमनाबाई तांब्या घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. मी तोंडातला घास धड गिळू शकेना आणि धड थुंकू शकेना.

"नवं व्हायचं हाय अजून," सोनूबाबा सावकाश म्हणाले.

मग मला उलगडा झाला. पाड्यावर नवं पीक आधी देवाला आणि गेलेल्या वाडवडलांना दाखवतात. त्याला नवं म्हणतात. त्याचा दिवस ठरतो, आणि तो होईपर्यंत मांडवावर कितीही तवसं लोंबोत, पोरंसुद्धा हात लावत नाहीत. तो दिवस यायला अजून आठवडा होता.

माझी चूक होती. पण चूक कळली की मला आधी राग येतो, मग लाज. म्हणून मी बोलून बसलो, "एका काकडीनं देव रागावतो होय?"

सोनूबाबा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. "देव नाय रागवत. आमी समदी वाट बघतो, दादा. तू नाय बघितली, येवढंच."

मंडळात मी हार फार वेळा मानलेली नाही. मी अर्धं तवस खाली ठेवलं आणि म्हटलं, "चुकलो. दंड सांगा."

ओसरीवरची चार म्हातारी माणसं हळू आवाजात बोलली. मला वाटलं नारळ मागतील, कोंबडी मागतील. सोनूबाबा म्हणाले, "पाव्हणा असता तं सोडला असता. पाव्हण्याला काय ठावं? पर तू चुकलो म्हणला, म्हंजी आपला माणूस झाला. पाव्हण्याला आमी करून घालतो. आपल्या माणसानं करून घालायचं. उद्या सकाळी पानगं तू कर. आमाला वाढ. हाच दंड."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"त्याच्यासाठीच आला ना?" जमनाबाई म्हणाली आणि आता मात्र सगळे हसले.

सकाळी चुलीपुढे बसलो. जमनाबाई हातभर अंतरावर पाट घेऊन बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. दंड माझा होता, तिनं हात लावायचा नव्हता. नव्या तवसाचं काही करायचं नव्हतं, म्हणून परसातली काळी पडलेली केळी घेतली. मंडळींनो, इथं लिहून घ्या, कारण याच्याहून सोपं गोड मी पाहिलेलं नाही. चांगली पिकलेली दोन केळी हातानं कुस्करायची. मूठभर गूळ चिरून त्यातच चोळायचा. पाणी घालायचं नाही. चिमूटभर मीठ, आणि गोळा सैल राहील इतपतच नागलीचं (नाचणीचं) पीठ. मी आमच्या ज्वारीच्या सवयीनं पीठ ओतत गेलो.

"बस बस," ती म्हणाली. "गोळ्याला मारून मुटकून घट्ट करशील."

पळसाच्या पानाला तेलाचं बोट, त्यावर बोटभर जाड थापायचं, वर दुसरं पान. खापर (मातीचा तवा) तापलं की त्यावर ठेवून झाकण. मी तीन वेळा झाकण उघडून बघितलं. चौथ्यांदा तिनं फुंकणी माझ्या हातावर मारली. "सारखं बघितल्यानं शिजत नाय. वास येऊ दे. पान तपकिरी झालं का उलट." पहिला पानगा उलटताना चुलीत पडला. दुसरा एका बाजूनं कोळसा झाला. तिसरा मात्र पान सोडून निघाला, वर पानाच्या शिरांची नक्षी उठलेली, आतून ओलसर, गुळाचा आणि धुराचा वास. मी तो हातावर घेऊन बघतच राहिलो. पहिला शर्ट शिवला तेव्हा कॉलर अशीच वाटली होती.

तिखटाला तांदळाचं पीठ, भरपूर कांदा, हिरवी मिरची, मूठभर चिरलेली कुठलीही पालेभाजी, मीठ, आणि कालवायला गरम पाणी. बाकी रीत तीच. म्हणजे एकदा हात बसला की गोड आणि तिखट दोन्ही बसलं. सोबत तिनं आदल्या दिवशीचं उडदाचं भुजं (भाजून भरडलेल्या उडदाची दाट आमटी) गरम करायला लावलं. तेवढं चुलीवर ठेवून ढवळायचं काम मी निर्दोष केलं.

चार म्हाताऱ्यांना वाढलं. जळकासुद्धा वाढला, लपवला नाही. सोनूबाबांनी तोच आधी उचलला. "शिप्यानं काठ जाड शिवला," ते म्हणाले, आणि जळकी बाजू खरवडून उरलेला खाल्ला. कुणी चांगला झाला म्हटलं नाही. पण पानं मात्र रिकामी झाली, आणि एकानं "अजून हाय का?" असं विचारलं. दंड फिटला.

सगळे उठून गेल्यावर जमनाबाईनं स्वतःचं वाढून घेतलं. खाली पान, बाजूला भुजं, कांदा फोडून, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला. मी विचारलं, "पोरगा-सून बागेवर असले की तुम्ही एकट्याच असता. तेव्हाही एवढं सगळं करता? एकटीसाठी?"

तिनं घास थांबवला. "मंग? मी माणूस नाय का?"

दोन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, महेशनं नाही, आणि मी स्वतःही नाही. मी खारी खात होतो ती स्वयंपाक येत नव्हता म्हणून नाही. एकट्या माणसासाठी भांडं कशाला घाण करायचं, असं मला वाटत होतं. खाणारा मी होतो, आणि त्याला मी मोजतच नव्हतो. मला स्वतःचा फार राग आला, आणि तिच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं ते मी धुरावर ढकललं. तिनं ते तसंच मान्य केलं. दुपारच्या जीपनं मी परत निघालो, तेव्हा तिनं नागलीच्या पिठाची पिशवी हातात दिली.

शनिवारी पंचवटीतून केळीची पानं आणली, कारण पळसाची संपली होती. रविवारी नऊ वाजता मी वैशालीला ओट्यापासून लांब बसायला सांगितलं. महेश फोन हातात घेऊन सोफ्यावर बसला होता, डब्यांची ऑर्डर द्यायला तयार. त्यांचा तवा गुळगुळीत, गॅस भसाभस पेटणारा. पहिला पानगा बाहेरून करपला आणि आत कच्चा. घरभर धूर झाला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाई काय जळतंय म्हणून विचारायला आल्या. महेश म्हणाला, "बाबा, राहू द्या. झालं तेवढं पुष्कळ."

"बस खाली," मी म्हटलं. गॅस अगदी बारीक केला. झाकण ठेवलं आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. वास आला तेव्हाच झाकण उघडलं.

अकरा वाजता टेबलावर केळ्याचे गोड पानगे होते, वर तुपाचा थेंब. कांद्या-मिरचीचे तिखट होते, दह्याबरोबर. वैशालीनं दोन-दोन खाल्ले आणि पीठ किती, गूळ किती, ते विचारून घेतलं. महेशनं गोड तीन खाल्ले आणि तिखट चार. ताटात पानांशिवाय काही उरलं नाही. मी ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

तो म्हणाला, "चांगले झालेत. पण बाबा, प्रश्न स्वयंपाकाचा नव्हताच."

"शब्द दिला होतास," वैशाली म्हणाली. शांतपणे, पण म्हणाली.

"दिला होता. पण रात्री-बेरात्री काही झालं तर? मला इथून यायला सात तास लागतात. तुम्हाला चक्कर आली त्या दिवशी सात तास मी बसमध्ये काय करत होतो, तुम्हाला माहितेय? मला भीती वाटते, बाबा." पोरगा एवढा मोठा कारखाना सांभाळतो, आणि डोळे लहानपणी ताप आल्यावर व्हायचे तसे झाले होते.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मन विरघळलं, खोटं कशाला बोलू. त्या क्षणी पिशवीतले कपडे कपाटात ठेवावेत असंही वाटलं. पण मी म्हटलं, "महेश, भीती खरी आहे. पण ती तुझी आहे. तुझी भीती जावी म्हणून मी माझं घर सोडलं, तर मी इथं माणूस म्हणून राहणार नाही. तुझ्या काळजीवरचं औषध म्हणून राहीन. मला जिवंत आहे तोवर जगायचं आहे, नुसतं सुरक्षित राहायचं नाही."

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "रोज सकाळी फोन."

"रोज सकाळी फोन," मी कबूल केलं. तेवढा त्याचा हक्क आहे. आणि वैशालीला म्हटलं, की कपाटात तुझ्या साड्या परत ठेव. ती म्हणाली, "अर्ध्या ठेवते. अर्धं कपाट तुमचं. पाहुण्यालाही लागतंच की."

मंगळवारी बार्शीत उतरलो. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, मागच्या खोलीतली भांडी राखेनं घासली. आता मंडळाच्या सभासदांना काय पाहिलं ते सांगतो. देवळं लांबून पाहिली, गोदावरीला हात जोडले, मिसळ खाल्ली नाही, आणि एक डोंगरी म्हातारी पाहिली जी एकटीसाठी पान मांडते. तुमच्यापैकी निम्मे एकटे आहात. रात्रीच्या जेवणाला फरसाण खाता हे मला ठाऊक आहे, वाण्याच्या दुकानात मीच तुमच्या पुढेमागे उभा असतो. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं. हात मात्र मी लावणार नाही.

महेशचं अजून संपलेलं नाही. काल फोनवर म्हणाला, "बाबा, कधीतरी यावंच लागेल तुम्हाला." मी म्हटलं, लागेल. मी मूर्ख नाही. एक दिवस गुडघे नाही म्हणतील किंवा डोळे, आणि मग मी येईन, त्या अर्ध्या कपाटाशी भांडण न करता. पण तो दिवस मी ठरवीन. आणि रविवार नक्की नसेल, कारण रविवारी अकरा वाजता माझ्याकडे माणूस जेवायला असतो. ताट एकच असतं.